पाणी उतरते, ऋण चढावे लागते

सज्जनहो, चंद्रभागेत स्नान करून बाहेर आलेल्या वारकऱ्याला कोणी विचारले, "बाबा, हे पाणी कोठून आले?" तर तो भीमाशंकराच्या दिशेने हात जोडील. उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. भीमा काही एकटी पंढरीस जात नाही. वाटेत तिला इंद्रायणी मिळते, मुळामुठा मिळते, तशी घोडनदीही मिळते. आणि घोडेच्या पोटात आमच्या जुन्नरची कुकडी असते. म्हणजे चंद्रभागेच्या एका ओंजळीत किती रानांचे पाणी आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते एकमेकांस छेदतात आणि चार दिशांना निघून जातात. फाटा म्हणजे वाटा फुटण्याची जागा. येथून पश्चिमेला डोंगरात गेले की मात्र उलटा व्यवहार दिसतो. तेथे वाटा एक होतात. बोटभर झिरा ओहोळाला मिळतो, ओहोळ ओढ्याला, ओढा नदीला. नाणेघाटाच्या माथ्यावर तर चार पावलांचा फरक! पलीकडे पडलेला थेंब कोकणात उतरून पश्चिम समुद्राला जातो. अलीकडे पडलेला कुकडीला लागला की घोड, भीमा, कृष्णा करीत थेट पूर्व समुद्राकडे निघतो. पूर गावाजवळ कुकडेश्वराचे जुने शिवालय आहे, तेथे कुकडीचा उगम मानतात. नदी इतकी लहान, पण तिच्या खोऱ्याला लोकांनी नाव दिले कुकडनेर. मीना नदीचे ते मिन्नेर. पूर्वीची माणसे मुलखाला राजाचे नव्हे, पाण्याचे नाव देत.

आता हा डोंगरातला ओहोळ पाऊस थांबल्यावरही कसा वाहतो, ते पाहू. सह्याद्री म्हणजे काळ्या कातळाचे एकावर एक रचलेले थर. त्यांतले काही घट्ट, काही भेगाळ. पावसाचे पाणी पालापाचोळ्याच्या गादीत मुरते, हिरडा-जांभळीच्या मुळांच्या वाटेने खाली जाते, भेगाळ थरात साठते. खाली घट्ट कातळ लागला की आडवे सरकते आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येते. रान हे त्या पाण्याचे रांजण. रान तोडले की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते आणि पौषातच ओहोळाचे दगड उघडे पडतात. हे जुन्या लोकांना पुस्तकावाचून कळले होते. म्हणून त्यांनी पाण्याजवळची राने देवाला देऊन टाकली. देवराईची काडी मोडायची नाही, असा दंडक घातला. आंबेगाव तालुक्यात आहुप्याची देवराई अजून आहे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या अभ्यासकांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातील अशा राया हिंडून पाहिल्या आणि शास्त्रानेही त्यांचे मोल मान्य केले.

येथवर झाला भूगोल. प्रश्न पुढेच आहे. खाली पाणी पिणाऱ्याचे वर रान राखणाऱ्याशी नाते काय?

कोणी म्हणेल, "काय हो, पाऊस देवाचा, उतार डोंगराचा. वरच्या माणसाने त्यात काय केले? ऋण कसले?" हा पक्ष वरवर बिनतोड वाटतो. पण काही न तोडणे हेही करणेच आहे. ज्याच्या घरी चूल पेटवायला काटकी नाही, त्याने देवराईतल्या वाळल्या फांदीला हात लावला नाही, हा त्याग लहान नव्हे. आणि वरच्यांनी नुसते राखले नाही, सोडलेही. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. तालुक्याला ज्या गावाचे नाव, ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कालव्यांनी खाली पार करमाळ्यापर्यंत पाणी नेले; आळेफाट्याच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात, त्यांतही या पाण्याचा वाटा आहे. आणि जेथे पाऊस धो धो कोसळतो त्या वरच्या वाड्यांत चैत्र-वैशाखात बाया हंडा घेऊन झिऱ्यापाशी वाटीने पाणी भरतात! उतार तीव्र, माती पातळ. पाणी तेथे थांबतच नाही. 30 जुलै 2014 रोजी घोडेच्या खोऱ्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसे मातीखाली गेली. डोंगर पाणी देतो, तशी त्याची जोखीमही वरच्यांच्याच वाट्याला येते.

येथे आळ्याची आठवण होते. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानोबारायांनी वेद वदविले, त्याची समाधी आळ्यात आहे. पैठणला त्याच्या पाठीवर आसूड पडला आणि वळ माउलींच्या पाठीवर उमटला, असे परंपरा सांगते. सर्वांभूती एक आत्मा, हे त्यांनी बोलून दाखविले नाही, अंगावर सोसून दाखविले.

ओहोळही आपल्याला एकत्व शिकवितो, पण अर्धेच. वर घाण केली तर खालच्याला रोग होतो. हा वळ आपोआप उमटतो, कारण पाणी वरून खाली येते. पण वरच्याची घागर रिकामी राहिली तर खालच्याच्या पाठीवर काहीच उमटत नाही. त्याचा ऊस हिरवाच राहतो. निसर्गाने एकच वाट बांधली आहे, उताराची. दुसरी, चढाची वाट माणसाने बांधायची असते. तिचेच नाव धर्म. पाणी वजनाने उतरते. कृतज्ञता पायांनी चढावी लागते.

ती कशी चढावी? उगमाला नुसता नारळ फोडून नव्हे. कालव्याचा पहिला घोट वरच्या वाडीच्या नळाला मिळावा, असा आग्रह खालच्या गावांनी धरावा. झिरे उपसायला, बांध घालायला श्रमदानाला वर जावे. डोंगराच्या उतारावर यंत्र चालविण्यापूर्वी खाली कोण झोपते, ते पाहावे. आणि ओढ्यात कचरा टाकताना इतके जाणावे की पावसाळ्यात धरणे भरली की सांडव्यावरून सुटलेले पाणी त्याच जुन्या वाटेने उजनीकडे व पुढे पंढरीकडे जाते. आपण टाकलेले कोणाच्या आचमनात जाईल, हे आपल्याला दिसत नाही. त्या माउलीला दिसते.

वारकरी पायी चालतो तो पंढरीच्या वाटेने. ती वाट उताराची आहे, नद्यांच्या बरोबरीची. वर्षातून एक वारी उलट दिशेला, झऱ्याकडे झाली, तर चंद्रभागेचे स्नान पुरे झाले असे आम्ही म्हणू.

रामकृष्णहरी.