मनोरा आणि माणूस

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरते, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. या धरणापायी मावळातली बावन्न गावे संकटात आली, म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे पॅरिसहून बॉम्बची कृती घेऊन आलेले, पण मुळशीत ते आधी निःशस्त्र लढले. तुरुंग भोगूनही काम थांबेना, तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी हत्यार घेऊन धरणाच्या मजुरांची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची सजा पत्करली. हत्यार कधी उचलावे आणि कोणावर, हा प्रश्न आमच्या खोऱ्यात तेव्हापासून पडून आहे.

अठरा वर्षांनी तो याच डोंगररांगेत, उत्तरेला, पुन्हा उभा राहिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. गरिबीतून शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत भागातल्या आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये म्हणून धान्याची कोठारे उभारली. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईची वीज वाहणारे मनोरे पाडू लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई आणि हिराजी पाटील तिथेच ठार झाले. भाईंना तिशी ओलांडून जेमतेम महिना झाला होता.

उर्दूत आम्ही यांना शहीद म्हणतो, मराठीत हुतात्मा. शहीद या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष आहे. पण नुसत्या मरणाने कसली साक्ष पटते? मरायला तयार असणारी माणसे जुलमी फौजांतही असतात. माणूस कशासाठी मेला एवढे विचारून आपण थांबतो. मरण्यापूर्वी त्याने कशावर घाव घातला, हेही विचारले पाहिजे. हल्ली तर ‘आपला’ असेल तर क्रांतिकारक आणि ‘त्यांचा’ असेल तर दहशतवादी, इतका सोपा हिशेब झाला आहे. तो वर्गातल्या पोरांच्याही तोंडी ऐकू येतो.

सिद्धगडानंतर तीनच आठवड्यांनी, २४ जानेवारी १९४३ ला, पुण्याच्या लष्कर भागात कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला आणि सिनेमा पाहणारे गोरे सैनिक मेले. ध्येय तेच, त्यागाची तयारीही तीच. तरी मला दोन्ही कृत्ये एका तागडीत घालता येत नाहीत. कोणी म्हणेल, सैनिक परक्या सत्तेचे होते, त्यांना मारण्यात गैर काय? उलट वीज तोडली की गिरणी बंद पडते आणि आपल्याच कामगाराचा रोज बुडतो. हा आक्षेप हलका नाही. रोज बुडणे म्हणजे काय, हे घरात एकच कमावता असलेल्याला विचारावे. पण बुडालेला रोज भरून देता येतो, मनोरा पुन्हा उभा करता येतो. सिनेमाच्या अंधारात शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे बॉम्बला कळत नाही, आणि गेलेला माणूस कोणत्याही स्वातंत्र्याने परत येत नाही. शिवाय भाईंनी जिथे लढाई केली, तिथे आधी धान्य आणि पाटी पोहोचवली होती. जंगलात त्यांना भाकर देणाऱ्याला आपण कोणासाठी जोखीम घेतो आहोत, हे ठाऊक होते.

राहतो हिराजीचा प्रश्न. मनोऱ्याचा न्याय इथे अपुरा पडतो. भाईंनी स्वतःचा जीव डावावर लावला, तो त्यांचा हक्क. पण नेत्यावर भरवसा ठेवून त्याच्यामागे डोंगर चढणाऱ्या साथीदाराचा जीव कोणाच्या खात्यावर लिहायचा? हिराजीचे वडील गोमाजी पाटील स्वतः त्याच दस्त्यात होते. मुलगा गेल्यावर हा प्रश्न भाईंना विचारण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना. आणि उत्तर देणाराही त्याच पहाटे गेला होता.