पाळण्याची जबाबदारी कोणाची?

कापसाची वेचणी सुरू झाली की मानवत, सेलू, पाथरीच्या शिवारांत स्त्रिया सकाळीच पोहोचतात. मजुरी किलोवर मिळते. कडेवर मूल असले की वजन घटते. मूल घरी ठेवावे तर थोरल्या बहिणीची शाळा बुडते. अशा मातेविषयी आपण सहज म्हणतो, ‘अपत्य ही अल्लाहची अमानत आहे, ती दुसऱ्याच्या हाती सोपवून ही कामाला जातेच कशी?’ हा प्रश्न आपण योग्य व्यक्तीला विचारीत आहोत काय?

सूरह अल-बकराच्या 233व्या आयतीत स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर आहे आणि अपत्यापायी दोघांपैकी कोणालाही हानी पोहोचता कामा नये. त्याच आयतीत दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवून घेण्याची मुभा आहे. मात्र तिचा मोबदला रीतीप्रमाणे दिला पाहिजे. तेव्हा मूल विश्वासू हाती सोपविणे हा गुन्हा नव्हे. सोपवून जबाबदारी झटकणे हा गुन्हा होय.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग इब्न सअद यांनी नोंदविला आहे. मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्यात रात्रभर एक मूल रडत होते. खलीफांनी मातेला दोष दिला. समोर कोण आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, उमर दूध सुटलेल्या मुलांनाच वृत्ती देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडत आहे. पहाटेच्या नमाजमध्ये खलीफांना रडू आवरेना. त्यानंतर त्यांनी जन्मापासूनच वृत्ती देण्याचा हुकूम काढला. जो दोष मातेचा वाटला, तो नियमाचा निघाला.

आपल्या काळातील नियमही याच कसोटीवर पाहावेत. अंगणवाड्या 1975 पासून आहेत. परंतु तीन वर्षांखालील मुलांना तेथून बहुधा घरी न्यावयाचा आहार मिळतो आणि मोठी मुले काही तासच बसतात. शेतातील दिवस दुपारी संपत नाही. 2022 पासूनच्या केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी महिन्यातून 26 दिवस, रोज साडेसात तास सांभाळ अपेक्षित आहे. ही खैरात नसून मातेचा व बालकाचा हक्क आहे. ग्रामसभेत तो मागणे पित्यांचेही कर्तव्य आहे.

मोबदल्याची अटही विसरू नये. अंगणवाडी सेविकेला अद्याप वेतन नव्हे, मानधन मिळते. ती ग्रॅच्युइटीस पात्र आहे, हे सांगण्यासाठी 2022 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. जी आपली अमानत सांभाळते, तिचा हक्क बुडवून आपण अमानतदार कसे ठरणार?

कोणी म्हणेल, तरबियत घरातच होते. खरे आहे, म्हणूनच संध्याकाळी मूल घरी आल्यावर त्याला जवळ घेणे पित्याचेही काम आहे. अल्लाह आपणास मातेला दोष देण्यापूर्वी स्वतःचा हिशेब घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.