कोणी मेले नाही, म्हणून?



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. एक तरुण व एक तरुणी ठार झाली. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाला, तेव्हा आपण सारे संतापलो. ते योग्यच होते. पण समजा, त्या क्षणी ती दुचाकी तेथे नसती आणि मोटार त्याच वेगाने घरी पोचली असती, तर आपण संतापलो असतो का?

मग पाप कशात आहे? माणूस मरण्यात, की मरू शकेल असे वागण्यात? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २२९० व्या परिच्छेदात, याचे उत्तर आहे. नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी जो स्वतःचा वा इतरांचा जीव धोक्यात घालतो, तो गंभीर दोषी ठरतो. अपघात झालाच पाहिजे, अशी अट तेथे नाही. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली खून न करण्याचीच आहे.

वेग दुप्पट केला, की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. आरशाला रोझरी टांगल्याने हे गणित बदलत नाही! २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे आपली रविवारची मिस्सा संपेपर्यंत सुमारे १९. त्या वर्षीच्या मृतांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. सरकारी अहवालाप्रमाणे सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले.

अंत्यविधीच्या वेळी आपण 'देवाची इच्छा' म्हणतो. दुःखी कुटुंबाला त्याने धीर येतो, म्हणून ते म्हणावे. गाडी चालवणाऱ्याने मात्र ते म्हणू नये. देवाने त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला नसतो.

आणि आपल्या मुलांचे काय? नववी-दहावीतली मुले मिस्सेला स्कूटर घेऊन येतात आणि आपण कौतुकाने पाहतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय गाडी चालवणे हाही गुन्हाच आहे. त्यासाठी कोणी जखमी व्हावे लागत नाही.