भरून येणे

जखम भरते असे म्हणताना आपण तिला नकळत विहिरीच्या, रांजणाच्या पंक्तीला बसवत असतो, हे माझ्या ध्यानात यायला पंचावन्न वर्षे आणि भगंदराची एक शस्त्रक्रिया खर्ची पडली. आभाळ भरून येते, ऊर भरून येतो, डोळे भरून येतात. या साऱ्या भरण्यांत काहीतरी आतून काठाकडे चढत असते, आणि काठावरच्या माणसाला वाट पाहण्यापलीकडे फारसे काम नसते. मला ते काम सुमारे दोन महिने करावे लागले.

गुदमार्गाच्या आतून निघून बाहेरच्या त्वचेवर उघडणारा तो चोरटा बोगदा डॉक्टरांनी छत काढून सरळ चर करून टाकला होता आणि टाका एकही घातला नव्हता. शुद्धीवर येताना मी पहिला प्रश्न टाक्यांचाच विचारला. उघडी जखम म्हणजे अर्धवट सोडलेले काम, अशी आपली समजूत असते. शिवण घातली, गाठ मारली, की वस्त्र पूर्ण झाले. इथे मात्र उघडे ठेवणे हीच कारागिरी होती, आणि ती मला उलगडून सांगितली पट्टी बदलायला घरी येणाऱ्या मामांनी. (इस्पितळातल्या पुरुष मदतनिसाला मामा आणि बाईला मावशी हे नाते आपल्याकडे आपोआप चिकटते, आणि लाजेच्या जागी ते फार उपयोगी पडते.) "साहेब, बांधाला उंदरानं बीळ पाडलं की लोक वरून ढेकूळ दाबतात अन् मोकळे होतात. पहिल्या पावसात बांध फुटतो. बीळ तळापर्यंत उकरायचं, मग खालून चोपत वर यायचं," असे म्हणत त्यांनी चिमट्याच्या टोकाने गॉजची लांब पट्टी आत सरकवली, तर्जनीच्या दोन पेरांएवढी तरी ती आत गेली असेल.

त्वचा मोठी उतावळी असते. तळ अजून रिकामा असताना दोन्ही काठांवरून ती एकमेकींकडे धावते, वरच्यावर पूल बांधते, आणि पुलाखालच्या पोकळीत पू पुन्हा साठू लागतो. म्हणून आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांचे बोट तो कोवळा पूल निर्दयपणे मोडते. वेदनेने माझ्या तोंडून निघालेला उद्गार इथे लिहिण्याजोगा नाही. खाली मात्र भक्षक पेशींची झाडलोट चाललेली असते, केशवाहिन्यांचे कोंब फुटत असतात, आणि लाल, दाणेदार मांस कणाकणाने वर येत असते, तेही अशा जागी जी रोज मळते आणि रोज धुवावी लागते. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसावे, रात्री इसबगोल घ्यावा, इतकाच काय तो आपला वाटा. त्या टबात कोपराने पाणी चाचपून बसताना आईने तान्ह्याला न्हाऊ घालण्याआधी असेच पाणी पाहिले असणार, असा विचार मनात येई, आणि पंचावन्न वर्षांचा संकोच काही क्षण तरी पाण्यात विरघळे.

बसता येत नव्हते, म्हणून कुशीवर पडून वाचत होतो. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांना चित्रकाराच्या डोळ्याने नावे दिली आहेत: चाळणीसारखा शतपोनक, उंटाच्या मानेचा उष्ट्रग्रीव, शंखाच्या वेढ्यांसारखा शंबूकावर्त. जखम भरण्याला संस्कृतात शब्द आहे रोपण, आणि रोप लावणे यालाही तोच. भरलेला व्रण तो रूढ, आणि मुळे धरलेली चाल ती रूढी. एकाच धातूच्या या लेकी. मामांचे शेत आणि सुश्रुताचे शल्यशास्त्र कुठे भेटतात, हे मला त्या उशीवर कळले. क्षारसूत्राचा उपचार तर शेतकऱ्याच्या सबुरीचाच: निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप चढवलेला दोरा त्या मार्गातून ओवून बांधायचा, दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या शेपटाला नवा बांधून ओढून घ्यायचा, पुढे कापत जायचे आणि मागे भरत यायचे. विसाव्या शतकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्याला पुन्हा उजाळा मिळाला.

माझ्या दुखण्याचे नाव मी कुणाला सांगितले नाही. 'छोटेसे ऑपरेशन' एवढ्यावर भागवले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला ही मुभा नव्हती. 18 नोव्हेंबर 1686 रोजी व्हर्सायमध्ये फेलिक्स या शल्यकाराने त्याच्यावर शस्त्र चालवले. त्याआधी कित्येक महिने त्याने पॅरिसच्या इस्पितळांतील गरिबांवर हात बसवला होता, राजासाठी खास हत्यार घडवले होते. राजालाही एका फटक्यात गुण आला नाही, काही दिवसांनी पुन्हा कापावे लागले. त्याच्या भरलेल्या जखमेचे उत्सव झाले, फेलिक्सला धन आणि मान मिळाला. त्या गरिबांच्या जखमा भरल्या की नाही, याची मला टबात बसल्या बसल्या राजापेक्षा अधिक काळजी वाटे. ज्ञान ज्या देहांवरून चालत आले त्यांची नावे कोण लिहून ठेवतो?

व्रण या शब्दाची सुश्रुताने दिलेली फोड मला विसरता येत नाही: भरून आला तरी ज्याची खूण देह असेपर्यंत पुसली जात नाही, तो व्रण. पण माझी खूण मी पाहिलेली नाही. आरसा धरून एकदा प्रयत्न केला, मान अवघडली आणि नाद सोडला. माझ्या देहाचा हा एवढा भाग मला केवळ दुसऱ्यांच्या बोटांतून आणि शब्दांतून ठाऊक आहे. डॉक्टर म्हणत 'तळ छान लाल आहे', आणि मी कधी न पाहिलेल्या त्या लालीवर एखाद्या दूरच्या गावच्या पिकपाण्यासारखे समाधान मानी.

आठव्या आठवड्यात एका सकाळी मामांनी नेहमीसारखी पट्टी कापली, चिमट्यात धरली, आणि थोडा वेळ मागे काहीच हालचाल जाणवली नाही. "काय झालं मामा?" मी उशीत तोंड खुपसूनच विचारले.

"जागाच नाही हो, साहेब," मामा म्हणाले, आणि ती पट्टी घडी करून त्यांनी परत डब्यात ठेवली.