रुपया तोलायचा की मोजायचा?

जुना रुपया काट्यावर ठेवायचा आणि आजच्या चांदीच्या भावाने गुणायचा, ही रीत सातारा-सांगलीकडे रुळली आहे. पूर्वी नाण्याची किंमत म्हणजे त्याचे वजनच, असा त्यामागचा समज. तो अर्धाच खरा आहे, आणि या अर्ध्या समजापायी कितीतरी चांगली नाणी मुशीत गेली आहेत.

कौटिल्याचा नाणेपारखी रूपदर्शक, शेरशाहाचा रुपया, शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाचा सोन्याचा होन, इथवर वजनाला महत्त्व होते यात वाद नाही. पेशवाईत मिरजेसह ठिकठिकाणी टांकसाळी होत्या आणि त्यांच्या रुपयांचा कस वेगवेगळा होता. सराफ वजन करी, पण तेवढ्यावर थांबत नसे. टांकसाळ कोणती, कस किती, झीज किती हे पाहून बट्टा कापी. त्या रुपयांवर दिसणारे बारीक ठोके या पारखीचेच आहेत. तांब्याची शिवराई मात्र वजनाला कमीजास्त असली तरी मोजूनच घेतली जाई.

1835 साली ईस्ट इंडिया कंपनीने 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा रुपया आपल्या मुलखात सर्वत्र लागू केला. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. तोळाही तेवढ्याच वजनाचा ठरला असल्याने रुपया स्वतःच तराजूतले वजन झाला.

यापुढची गोष्ट सर्रास चुकीची सांगितली जाते. 1947 चा निकेलचा रुपया आला आणि वजनाची सद्दी संपली, असे म्हणतात. खरे तर ती 1893 सालीच संपली. तोवर कोणीही चांदी टांकसाळीत देऊन रुपये पाडून घेऊ शके, म्हणून रुपया आणि त्यातली चांदी यांच्या किमतीत फार अंतर पडत नसे. जगात चांदी उतरत गेली, तेव्हा 26 जून 1893 रोजी सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. पुढे पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन हा दर ठरला. रुपयाचे वजन ग्रेनभरही घटले नव्हते, कस तोच होता, पण किंमत आता सरकारच्या शब्दावर उभी होती. याचा चटका शेतकऱ्याला बसला. 1896-97 च्या दुष्काळात घरातले तोडे-वाळे मोडायला काढले, तर त्यांचे रुपये टांकसाळीत होत नव्हते. बाजार देईल तो पडता भाव घ्यावा लागे. कनवटीचा रुपया आणि बायकोच्या पायातला तोडा यांची चांदी एकच, मोल निराळे.

1940 पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, वजन मात्र 11.66 ग्रॅमच. त्यामुळे 1919 चा आणि 1944 चा रुपया काट्यावर सारखाच भरतो. पहिल्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम, दुसऱ्यात 5.83.

विटा-खानापूर-आटपाडीकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांनी देशभर पेढ्या उभारल्या त्या कस काढण्याच्या हुन्नरावर. नुसत्या वजनावर सौदा करून हा धंदा एक दिवसही चालला नसता. जुना रुपया मोडायला नेणाऱ्याने आधी त्यावरचे साल वाचावे, मग कस तपासून घ्यावा आणि वजन शेवटी करावे. शिवराई तर मोडीत घालूच नये.