बाबेलला गेलेलं पत्र

मननासाठी गुरुवार चांगला. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी शिफ्टमुळे ज्याची उपासना चुकली, त्याला हा दिवस मिळतो. सकाळची कामं उरकून घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, पवित्र शास्त्र घेऊन बसा आणि यिर्मयाचा २९वा अध्याय उघडा. लगेच वाचू नका. आधी भिंतीकडे बघा.

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी या अध्यायातलं ११वं वचन भिंतीवर असतं. कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, नाहीतर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर नव्या वर्षासाठी वचनाचं कार्ड काढतात, तेव्हा ज्याच्या हाती हे वचन येतं त्याचा चेहरा खुलतो. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच विचार आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. इंटरव्ह्यूला जाताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला ब्रेक मिळाल्यावर, लोक हे वचन घट्ट धरतात. ते धरणं मला पवित्र वाटतं आणि ते कुणाच्या हातून सुटावं असं मला मुळीच वाटत नाही. आज फक्त एवढंच करू: हे वचन ज्या पत्रात आलं, ते पत्र पुरतं वाचू.

शॉपवर काम करणाऱ्याला याचं कारण लगेच पटेल. ड्रॉइंगवरचं एकच माप बघून कुणी जॉब मशीनला लावत नाही. माप कुठून धरलंय, मटेरियल कोणतं, हे ड्रॉइंग चालू आहे की रद्द झालेलं, हे सगळं बघावं लागतं. नाहीतर माप बरोबर असूनही जॉब रिजेक्ट होतो. संदेष्ट्यांच्या वचनांचंही तसंच आहे.

आता पहिली तीन वचनं वाचा. सावकाश, ओठ हलवत.

पत्र लिहिणारा यिर्मया यरुशलेमेत आहे. पत्र घेऊन जाणारे एलासा आणि गमऱ्या हे सिद्कीया राजाचे दूत. आणि ज्यांना पत्र जायचं आहे ते बाबेलात आहेत: लोकांचे वडीलजन, याजक, संदेष्टे आणि नबुखद्नेस्सराने धरून नेलेली सगळी प्रजा. इसवी सनापूर्वी ५९७ साली ही माणसं बाबेलात नेली गेली. राजा यखन्या गेला, त्याची आई गेली, दरबारी गेले. दुसऱ्या वचनात आणखी दोन नावं येतात, एरवी आपण त्यांच्यावरून पुढे निघून जातो: कारागीर आणि लोहार. २ राजे २४व्या अध्यायात त्यांचा आकडाच दिला आहे, १,०००. हातात कसब असलेली माणसं वेचून नेली होती.

इथे थांबा. डोळे मिटा.

तुमच्या घराण्यातून या भागात पहिलं कोण आलं? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली, मग १९७२चा दुष्काळ आला. नगरहून, जालन्याहून, बीडहून माणसं निघाली. कुणी आयटीआय करून आला, कुणी नुसता अंगमेहनतीवर आला. तुमचे आजोबा असतील, वडील असतील, कदाचित तुम्ही स्वतःच असाल. त्या माणसाचं नाव मनात घ्या. त्याच्या हातांकडे बघा: नखांत बसलेलं ऑईल, चटक्यांचे डाग, जाड झालेली बोटं. यिर्मयाचं पत्र अशा हातांत पडलं होतं.

साम्य इथपर्यंतच. आपल्याला कुणी साखळदंड घालून आणलं नाही. आपलं गाव जळालं नाही, दिवाळीला किंवा नाताळला एसटी पकडून आपण तिथे जाऊ शकतो. यहुद्यांचं दुःख आपल्या नावावर लावून घेणं बरं नव्हे. ओळख पटली की जवळ जावं आणि फरक दिसला की तोही मान्य करावा. शास्त्र वाचताना दोन्ही करावं लागतं.

आता एक पान मागे या. २८वा अध्याय पूर्ण वाचा. लहान आहे.

गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहतो. देवाच्या नावाने सांगतो की बाबेलचं जोखड मोडलं, दोन वर्षांत मंदिराची भांडी परत येतील, राजा परत येईल, सगळे परत येतील. ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल? ज्या आईचा मुलगा नेला होता, तिला काय वाटलं असेल? त्या गर्दीत तिच्या शेजारी थोडा वेळ उभे राहा. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जोखड होतं. बाबेलच्या सत्तेखाली राहावं लागेल हे दाखवायला त्याने ते घातलं होतं. त्याने हनन्याला काय उत्तर दिलं ते नीट बघा. पहिला शब्द आमेन. असं होवो, परमेश्वर असंच करो. त्यालाही ते हवं होतं. खऱ्या संदेष्ट्याला वाईट बातमी देण्याची हौस नसते, आणि मला या अध्यायातली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मग तो एक कसोटी सांगतो. आपल्याआधीचे संदेष्टे युद्ध, संकटं आणि मरी यांविषयी बोलले. शांतीची भाकितं करणाऱ्याचं म्हणणं खरं ठरेल तेव्हाच त्याला देवाने पाठवलं होतं हे कळेल. हनन्या चिडून त्याच्या मानेवरचं जोखड काढतो आणि मोडून टाकतो. यिर्मया वाद घालत नाही, निघून जातो. त्या क्षणी त्याच्यापाशी नवं वचन नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही. वचन नंतर आलं: लाकडाचं जोखड मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल.

आपल्याकडेही सभांमध्ये कुणाचं नाव घेऊन, कुणाच्या डोक्यावर हात ठेवून, या वर्षी तुझं पर्मनंटचं लेटर येईल असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल. पण ऐकणाऱ्याने घरी येऊन हनन्याचा अध्याय उघडावा. गोड आहे म्हणून ते खोटं ठरत नाही आणि देवाच्या नावाने सांगितलं म्हणून खरंही ठरत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी. म्हणजे पारख करणं हा अविश्वास नव्हे, ते मंडळीला दिलेलं कामच आहे.

आता पुन्हा २९व्यात या. ५, ६ आणि ७ ही वचनं वाचा. प्रत्येक वचनानंतर एक श्वास थांबा.

दोन वर्षांत सुटका होणार अशी आशा धरून बसलेल्या माणसांना यिर्मया घरं बांधून राहायला सांगतो. मळे लावून त्यांचं उत्पन्न खायला सांगतो. लग्नं करा, मुलांची लग्नं करा, संख्येने वाढा. आणि मग, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कुशलासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याचं कुशल त्यातच तुमचं कुशल. हे नगर म्हणजे बाबेल. ज्याच्या सैन्याने त्यांना आणलं, जिथे दुसऱ्या दैवतांची देवळं आणि दुसरेच सण होते, ते नगर. त्याच्यासाठी प्रार्थना.

त्यांनी हे ऐकलं का? इराकच्या मातीतून निघालेल्या मातीच्या पाट्या याचं उत्तर देतात. एका पाटीवर बंदी राजा यखन्याला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. दुसऱ्या पाट्या याहुदू नावाच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या, त्यांतली सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वी ५७२ची. त्यांत यहुदी नावांच्या माणसांचे साधे व्यवहार आहेत: जमिनीचा खंड, जव, खजूर, उसनवारी, कर. घरं बांधली गेली होती. मळे लावले गेले होते.

आता तुमच्या नगरासाठी प्रार्थना करा, पण 'शहर' असं मोघम म्हणू नका. तळेगाव चौकात अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये झोपलेली माणसं. मोशीच्या कचरा डेपोशेजारची घरं. पवना. आळंदीपाशी फेसाने पांढरी झालेली इंद्रायणी. आकुर्डीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो तेव्हा रस्त्यावर उतरणारे वारकरी. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीत एका खोलीत आळीपाळीने झोपणारी बाहेरगावची पोरं. यांतलं एक निवडा आणि त्याच्यासाठीच देवाशी बोला. घाई करू नका.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ५ ते ७ ही वचनं वाचून कुणी कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराला म्हणेल, बघ, शास्त्रच सांगतं, आहे तिथे गपगुमान राहा, मालकाचं भलं चिंत. असं वाचन खोटं आहे. ते खोटं का, हे यिर्मयाच सांगतो. २२व्या अध्यायाचं १३वं वचन काढा. यहोयाकीम राजा गंधसरूच्या लाकडाचा महाल बांधत होता आणि माणसांना राबवून मजुरी देत नव्हता. यिर्मया त्याला हाय हाय म्हणतो. त्याच्या बापाने गरिबाला न्याय दिला, देवाला ओळखणं म्हणजे तेच, असंही तिथे सांगतो. नगराचं कुशल चिंतायला सांगणारा आणि बुडवलेल्या मजुरीचा जाब विचारणारा संदेष्टा एकच आहे. त्याचं अर्धंच वाचलं तर तो आपल्या सोयीचा होतो आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यावर उलटतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात हेच सांगितलं: लेखकाचा हेतू आणि लेखनाचा प्रकार बघा, आणि अख्ख्या शास्त्राची एकसंधता ध्यानात ठेवून अर्थ लावा.

आता १०वं वचन. एकदाच वाचा आणि आकड्यावर बोट ठेवा. सत्तर वर्षं.

हनन्याची दोन आणि यिर्मयाची सत्तर. पत्र ऐकणारा लोहार चाळिशीचा असेल तर त्याने मनात हिशेब केलाच असेल. मी परत जाणार नाही. माझी हाडं इथेच राहणार. माझा नातू जाईल, कदाचित. आणि याच्या लगेच पुढे, श्वास घ्यायलाही जागा न देता, तुमच्या भिंतीवरचं वचन येतं. आता ११वं वाचा. त्या लोहाराच्या कानांनी वाचा.

जितका वेळ लागेल तितका घ्या.

वचन लहान झालं का? मला ते मोठं झालेलं दिसतं. ते एका माणसाच्या येत्या वर्षापुरतं नव्हतं. जे डोळ्यांनी बघता येणार नाही त्यासाठी बी पेरणाऱ्या सगळ्या लोकांना ते दिलं होतं. हेल्पर म्हणून आलेल्या तुमच्या आजोबांना ते तसंच मिळालं असेल. तुम्ही आज काय लावताय, ज्याच्या फळाला तुम्ही नसाल? उत्तर मनात येऊ द्या. आलं नाही तर प्रश्न तसाच जवळ ठेवा.

या सत्तर वर्षांचा अर्थ शास्त्राच्या आतच शोधला गेला, हेही बघण्यासारखं आहे. २ इतिहासाच्या शेवटी ती जमिनीच्या शब्बाथाची, विसाव्याची वर्षं म्हणून येतात आणि मग कोरेश राजाचा हुकूम येतो. दानीएलाच्या ९व्या अध्यायात म्हातारा दानीएल यिर्मयाचा लेख वाचत बसला आहे. आकडा त्याला कळतो. पुढे तो काय करतो? तारीख काढून तक्ता मांडत नाही. उपास धरतो, राख घेतो, आणि आम्ही चुकलो असं म्हणत स्वतःच्या लोकांसाठी प्रार्थना करतो. शेवटच्या काळाचे हिशेब मांडणाऱ्यांनी या म्हाताऱ्याकडून शिकावं. संदेष्ट्याचा अर्थ कळला की माणूस गुडघ्यांवर येतो.

असं सावकाश वाचता यावं म्हणून आपल्याच माणसांनी आयुष्यं घालवली. इथून फार लांब नाही, दौंडच्या वाटेवर केडगावला, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते छापून पुरं झालं १९२४ साली. त्या कामाचं पुरतं फळ त्यांनी पाहिलं नाही. अशा कामांचं फळ तुमच्या मांडीवर आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केलं. पुण्यात बिबवेवाडीच्या आणि रामवाडीच्या सेमिनरींत आजही विद्यार्थी या ग्रंथांच्या मूळ भाषा शिकतात. एखादं वचन अडलं तर त्यांना विचारायला, टिपा बघायला, पाळकांचं किंवा फादरांचं दार वाजवायला संकोचू नका. रथात बसून यशया वाचणाऱ्या कुशी षंढानेही फिलिप्पाला विचारलंच होतं की संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो.

१२ ते १४ ही वचनं आता प्रार्थना म्हणून वाचा. हाक मारणं, शोधणं, सापडणं यांविषयी ती आहेत. मग २३व्या वचनापर्यंत या आणि थांबा. २४व्यापासून बाबेलातल्या शमायाने यरुशलेमेला पाठवलेली तक्रार सुरू होते: हा यिर्मया दिवस लांबतील म्हणून लिहितो, याला खोड्यात का घालत नाही? सफन्या याजकाने ती तक्रार लपवली नाही, खुद्द यिर्मयाला वाचून दाखवली. तो भाग एकट्याने वाचू नका. दोघातिघांना घरी बोलवा, एकाने शमायाची बाजू मोठ्याने वाचावी, एकाने यिर्मयाची, आणि बाकीच्यांनी पारख करावी.