मोकळं सोडलेलं अंतर

पालघरमध्ये गाडी शिकणं वेगळं आणि बोईसरमध्ये शिकणं वेगळं, दोन्ही गावांमध्ये जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं अंतर असलं तरी. पालघरला सकाळी लवकर पाचबत्ती ओलांडून माहीमच्या रस्त्याला लागलं की आरशात बघायला, क्लच हळू सोडायला सवड मिळते. बोईसरला नवापूर नाक्यावर शिफ्ट सुटण्याच्या वेळी ती सवड कोणी देत नाही. कंपन्यांच्या बसेस, शेअर रिक्षा, मोटारसायकली, सायकलवरचे कामगार, भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायका, सगळे एकाच वेळी निघालेले असतात आणि प्रत्येकाला घर गाठायचं असतं. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेल्या माणसाला घाई असणारच.

बोईसरला पहिल्यांदा नेलं तेव्हा माझ्या शिक्षकांनी स्टिअरिंग माझ्या हाती दिलंच नाही. नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला लावली आणि म्हणाले, "मॅडम, आता नुसतं बघा. यातलं कोण आधी निघेल ते सांगा." थांबलेल्या रिक्षाचं पुढचं चाक जरा उजवीकडे वळलं की ती निघणार. मोटारसायकलवाल्याने मान वळवून मागे पाहिलं, तर तो वळणार. इंडिकेटर दिला असो वा नसो. बस थांबली की तिच्या पुढून कोणीतरी येणार हे धरूनच चालायचं, कारण बसच्या पुढून येणारा आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नसतो. बाहेरून गोंधळ वाटणाऱ्या त्या गर्दीत इतक्या खुणा असतात, हे मला तिथे बसून कळलं. पुढे हातात स्टिअरिंग आलं तेव्हा त्या बघण्याचा उपयोग झाला. हाफ क्लच आठवड्याभरात पायाला कळतो. माणसं कळायला फार वेळ लागतो.

सगळ्यात जास्त विचार मी केला तो पुढच्या गाडीपासून ठेवायच्या अंतराचा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर तेवढ्यात २५ मीटर मागे पडलेले असतात, आणि ब्रेकचं काम त्यानंतर सुरू होतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीने खांब ओलांडल्यावर आपण तो ओलांडेपर्यंत निदान दोन सेकंद जावेत, असं शिकवतात. पावसात त्याहून जास्त.

हे पालघर-बोईसर रस्त्यावर पाळायला गेलं की दोन मिनिटांत कोणीतरी त्या मोकळ्या जागेत घुसतं. मग मागचा हॉर्न वाजवतो, शेजारी बसलेले घरचे म्हणतात, "अगं, जागा कशाला सोडतेस? सगळे घुसतायत." आणि इथेच बहुतेक नवशिके तो नियम सोडून देतात. पुस्तकातला आहे, आपल्या रस्त्यावर चालत नाही, असं म्हणतात.

मला ते पटत नाही. एक जण मध्ये आला, तर त्याच्यामागे पुन्हा अंतर करायला आपण किती मागे सरकतो? दोन सेकंद. पालघरपासून बोईसरपर्यंत दहा जण घुसले तरी वीस सेकंद झाले. उमरोळीजवळ एक गाय रस्त्यात उभी असेल तर त्याहून जास्त वेळ जातो. सोडलेली जागा वाया जात नाही. मध्ये घुसणाऱ्याचाही जीव त्याच जागेवर वाचतो. त्याने ती मागितली नव्हती, आपण दिल्याचं त्याला कळणारही नाही. तरी ती द्यावी, आणि तो गेल्यावर पुन्हा तयार करावी. बोईसरच्या रहदारीत सुरक्षित चालवणं म्हणजे मुख्यतः हेच, असं माझं मत झालं आहे. रस्त्यावर शिस्त नाही म्हणून अंतर ठेवता येत नाही असं लोक म्हणतात. मी म्हणते, शिस्त नाही म्हणूनच ते ठेवायला हवं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या भागात अवजड गाड्यांना तोटा नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळलेले टँकर, पोलादाच्या कॉइल घेतलेले ट्रेलर, रसायनांची पिंपं भरलेले ट्रक नागझरी, मान, बेटेगाव करत बोईसरला येतात. त्यांच्यामागे राहायला शिकणं हा वेगळाच धडा आहे. अर्धा भरलेला टँकर थांबतो तेव्हा आतला द्रव पुढे धावतो आणि टँकरला ढकलतो. म्हणून टँकरसमोर कट मारून लगेच ब्रेक लावणं हे जिवाशी खेळणं आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे केबिनच्या डाव्या अंगाला खेटून असलेली स्कूटर त्याला दिसत नाही. डावीकडे वळताना ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत, आत कापत येतात. नाक्यावर त्या पोकळीत दुचाकी घालणारी मुलं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना हे कोणीतरी शाळेतच सांगायला हवं होतं. धोकादायक रसायनाच्या टँकरवर पदार्थाचा क्रमांक, धोक्याचं चौकोनी चिन्ह आणि आणीबाणीत फोन करायचा नंबर असलेली पाटी असते. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्या चालकाला ती वाचता यावी. ती पाटी नीट वाचता येईल पण तिला चिकटणार नाही, इतकं मागे राहावं.

महामार्गावर मी अजून शिक्षकांशिवाय गेलेले नाही. आपल्या जिल्ह्यात त्या रस्त्याचं नाव निघालं की ४ सप्टेंबर २०२२ आठवतो. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्यांनी पट्टा लावायचा नियम त्याआधीपासून होता, न लावल्यास हजार रुपये दंडही होता. आमच्या घरी मागे बसणाऱ्या आईला पट्टा गळ्याशी टोचतो. मी गाडी चालू न करता थांबते. ती लावते.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्या परीक्षेत गाडी मैदानावर ठरलेल्या वळणांतून न्यायची, चढावर थांबवून मागे न घसरू देता पुढे काढायची. हे यायलाच हवं. पण मैदानावर माणूस आडवा येत नाही, आणि इथल्या रस्त्याचा खरा प्रश्न माणसांचा आहे.

मी बरीच वर्षं याच रस्त्यांच्या कडेला शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहिले आहे. तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीचा फक्त उजेड दिसायचा. आता त्या उजेडामागे बसल्यावर कळतं की समोरच्याचे दिवे डोळ्यांवर आले की मधला पायी चालणारा माणूस अक्षरशः नाहीसा होतो. चिल्हार रस्त्यावर किंवा वाघोबा खिंडीकडून मनोरला जाताना तिन्हीसांजेला पाड्यांवरच्या बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रांगेने घरी निघालेल्या असतात. साडी गडद रंगाची, पाठ गाडीकडे. साइडपट्टी खचलेली असली की त्यांना डांबरावरूनच चालावं लागतं. अशा वेळी वेग आधीच कमी करायचा, दिव्यांचा झोत खाली घ्यायचा, समोरच्या दिव्यांकडे न बघता डाव्या कडेवर नजर ठेवायची आणि समोरची गाडी जाईपर्यंत त्यांच्या बाजूने आपली गाडी पुढे काढायची नाही, एवढं चालक करू शकतो. मी ते करते.

पण त्यांचा जीव माझ्यासारख्या नवशिकीच्या नजरेवर अवलंबून असावा, हे मला मान्य नाही. पाड्यापासून फाट्यापर्यंत त्यांना सलग, पक्की आणि दिवे असलेली कडेची वाट हवी आहे, आणि ज्या रस्त्यावरून कारखान्यांचा एवढा माल जातो त्या रस्त्याला ती परवडायला हवी.